रुमाल टाकलेली जागा

मांजरा आणि गोदावरीच्या मधल्या पट्ट्यात माझ्या धाकट्या दिरांइतका चिवट माणूस दुसरा नाही. त्यांचा रॉक बँड आहे. हे मी आता भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. पण लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मला वाटलं होतं, वयाचा खेळ आहे, जाईल. वय गेलं, मानेपर्यंत वाढवलेले केस पिकले, बँड गेला नाही. दिवसा ते शिकवणीत रसायनशास्त्र शिकवतात आणि उरलेला सगळा जीव ‘धसकट’ला देतात. धसकट म्हणजे ज्वारी काढल्यावर रानात उरतं ते टोकदार बुडखं. “भाऊजी, जरा बरं नाव ठेवायचं की,” असं मी सुरुवातीलाच म्हणाले होते. “वहिनी, पीक सगळेच बघतात. ध्यानात राहतं ते पायात घुसलेलं,” असं उत्तर आलं. आपलं संगीत ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ आहे असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे काय ते मी बराच वेळ समजावून घेतलं आणि शेवटी विचारलं, “रॉक म्हणजे मोठा आवाज, आणि अल्टरनेटिव्ह म्हणजे तो कुणी ऐकत नाही, असंच ना?” ते मनापासून हसले. “एवढं नीट आम्हालाबी सांगता येत न्हाई.”

बँड जन्मला नांदेडला, कॉलेजच्या होस्टेलवर. तिघं जण. गिटार आणि गाणं आमच्या भाऊजींचं. बेस गिटार एका निलंग्याच्या मुलाकडे, घरचा ऊस सोडून तो तारांच्या मागे लागला होता. आणि ड्रमवर कंधारचा एक जण, जो लहानपणापासून गावातल्या मिरवणुकीत हलगी वाजवत आलेला. त्यांची नावं घरात कुणी घेत नाही. निलंगेकर आणि कंधारकर एवढीच ओळख पुरते. एकदा हे तिघे गिटार घेऊन निलंग्याला गेले आणि वायरी घरीच राहिल्या, तेव्हापासून सामानाची यादी माझ्याकडे आली आणि यादीमागोमाग मीही कार्यक्रमांना जाऊ लागले.

भाऊजींचा पहिला हट्ट असा, की दुसऱ्याचं गाणं वाजवायचं नाही. अहमदपूरला एका ओळखीच्या लग्नात त्यांना बोलावलं होतं. नवरदेवाच्या मामांनी नाचायला काहीतरी मागितलं, तर यांनी पाण्याच्या टँकरवरचं स्वतःचं गाणं सुरू केलं. दोन कडवी झाल्यावर मामा स्टेजजवळ आले. “लेका, हे लग्न हाय का पाणीटंचाईची मिटिंग?” भाऊजी माइकवरूनच नम्रपणे म्हणाले, “मामा, एकच कडवं राहिलंय, तेवढं होऊ द्या.” ते कडवं झालं, पंगत बसली, आणि खरोखरच मांडवातलं पाणी संपलं. मामा जेवणभर आमच्याकडे बघत होते. पण टँकर मागवायला सगळ्यात आधी धावले ते भाऊजीच.

दुसरा हट्ट, ऐकू येईल त्या आवाजाला मान द्यायचा. मी मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत असले की हे गिटार घेऊन स्वयंपाकघरात येणार आणि म्हणणार, “वहिनी, बंद करू नका, सूर जमायलाय.” कुटाची पार पेंड व्हायची. त्यांचा एकुलता एक अल्बम एका डाळमिलमध्ये रेकॉर्ड झाला, मिल बंद असायची त्या वारी. तिथे पोती कमी आणि कबुतरं जास्त. तिसऱ्या गाण्यात अगदी हळव्या जागी एक कबुतर घुमतं. निलंगेकर म्हणाले, पुन्हा घेऊ. भाऊजी म्हणाले, “तेच तर एकटं सुरात हाय, त्याला कशाला काढता?” अल्बमवर कलाकारांच्या नावांखाली ‘आणि कबुतरं’ असं छापलेलं आहे. तो किती लोकांनी ऐकला ते मी विचारलं नाही. शेजारच्या काकूंनी ऐकला, कारण त्यांच्या भिंतीला आमची भिंत लागून आहे.

मग जे सगळ्या मित्रांचं होतं तेच झालं. निलंगेकर वडिलांच्या मदतीला शेतावर परतले. पण निरोप गेला की ते मोटारसायकलवर बेस बांधून यायचे. कंधारकरांना नांदेडला कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. “पुढल्या महिन्यात येतोच बघ,” असं ते दर महिन्याला सांगायचे. ते कधीही खोटं बोलले नाहीत, प्रत्येक वेळी यायचंच असायचं त्यांना. भाऊजी दर कार्यक्रमाला भाड्याने ड्रम आणायचे, मांडायचे, आणि बसायच्या स्टुलावर एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा रुमाल टाकायचे. मग दोघेच वाजवायचे. लातूरच्या वाद्यांच्या दुकानाचे मालक स्वतः उत्तम ड्रम वाजवतात. मी सुचवलं, त्यांना घ्या. भाऊजींना माझा राग येत नाही, पण त्या दिवशी आला. “वहिनी, रुमाल टाकलेल्या जागेवर दुसरं कुणी बसत नसतं. साधी रीत हाय.” मी म्हणाले, “भाऊजी, गाडी सुटली तरी?” दोघांच्या वाजवण्यात मध्ये एक भोक पडलेलं असायचं, ते मलासुद्धा कळायचं. कार्यक्रम कमी झाले. निलंगेकर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, असंच चाललं तर यंदाच्या सालात आपलं दुकान बंद होतंय.”

त्याच साली नांदेडच्या कॉलेजात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि ‘धसकट’ला बोलावणं आलं. कंधारकर त्याच शहरात. “येतोच,” म्हणाले. भाऊजींनी सकाळीच ड्रम मांडले, स्वतः पुसले, रुमाल टाकला, धुऊन इस्त्री केलेला. दुपारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जागा रिकामीच होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मागच्या दारातून कंधारकर आले, कचेरीचाच शर्ट, सोबत बायको आणि मुलगी. भाऊजींनी त्यांना पाहिलं आणि गाणं तिथेच थांबवलं. सभागृहाला वाटलं, वायर निघाली. मी यादी उघडली.

कंधारकर पुढे आले, स्टेजवर चढले. मुलीने टाळी वाजवली. त्यांनी स्टुलावरचा रुमाल उचलला, पण बसले नाहीत. त्याची घडी केली आणि भाऊजींच्या हातात दिली.

“आता बसू दे रे कुणालातरी.”

“तू बस की. तुझीच जागा हाय.”

“मी कवाच उतरलोय, येड्या. तू उगं गाडी थांबवून राहिलास.” मग जरा हळू म्हणाले, “हात बसत न्हाई आता. घरी उशीवर वाजवून बघितलं. लई वाईट वाटतंय, पण न्हाई बसत.”

भाऊजींनी घडी खिशात ठेवली. कंधारकर खाली जाऊन पहिल्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसले, आणि दोघांनी कार्यक्रम पुरा केला. शेवटच्या गाण्याला मोठी टाळी झाली. त्यात सगळ्यात जोरात कुणी वाजवली ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी परतताना अहमदपूरच्या स्टँडजवळ आम्ही चहाला थांबलो. कपाकडे बघत भाऊजी म्हणाले, “ते दुकानवाले खरंच बरं वाजवतात का?”

“बरं नाही, चांगलं वाजवतात.”

“व्हय?” म्हणाले, आणि आणखी एक चहा सांगितला.

आता दुकानाचे मालक दर रविवारी डाळमिलमध्ये येतात. वेळेवर येतात, ठोका घड्याळासारखा, चुकायचं नाव नाही. पहिल्याच दिवशी टँकरच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याआधी, भाऊजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मालक घाबरले. “चुकलं का सर?”

“न्हाई न्हाई, तुमचं बरोबरच हाय,” भाऊजी म्हणाले. गिटारच्या तारेवरून अंगठा फिरवत राहिले. “फक्त इथं थोडं मागं राहता येईल का? तो इथं नेहमी मागं राहायचा.”

मालक भला माणूस. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. आता ते गाणं कुठेही वाजलं तरी त्या एका जागी किंचित मागे राहतं, आणि भाऊजी डोळे मिटून त्याची वाट बघतात.