किल्ल्यात अण्णाला ऐकू आलं

उभं आयुष्य मी शाळेत इतिहास शिकवला. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून आत जाते. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापूरला नवी पेठेत माझ्या मोठ्या भावाचं, अण्णाचं, कापडाचं दुकान होतं. ऐन तिशीत विषमज्वरात त्याचे कान पार गेले. बोलायचा नीट, पण आम्हाला काही सांगायचं तर त्याच्या तळहातावर बोटानं लिहावं लागे. मुलगी गौरी आजारानंतरची. तिचा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

एका रविवारी दुपारी वर्गासाठी भुईकोट किल्ल्याचा नकाशा काढायला मी गेले. अण्णा सोबत आला. तिथं तट दुहेरी आहे. दोन तटांच्या मधे बसून मी बुरूज काढत होते, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"नगारा वाजतोय की! तुला ऐकू येत न्हाय?"

मला फक्त कावळे ऐकू येत होते.

"'बागला हाक्री' म्हणून वरडायलेत. चल, चल लवकर!"

म्हणजे दार लावा. आमच्या घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं. मला ओढतच त्यानं बाहेर नेलं. दरवाजा ओलांडला आणि तो थांबला. "बंद झालं," म्हणाला.

बहामनींनी बांधलेला किल्ला... पुढं आदिलशाही-निजामशाही त्याच्यासाठी भांडत राहिल्या, मग मोगल, पेशवे, इंग्रज. मी त्याच्या हातावर लिहिलं – नगारा कुणाचा?

"मला काय विचारतीस? इतिहास तू शिकवतीस की!"

सात रस्त्याजवळच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान पूर्ण बंद. मनाचे खेळ, म्हणाले.

अण्णानं मात्र हट्ट धरला, गौरीला किल्ल्यात न्यायचं. वहिनी घाबरली. "पोरीला कशाला तितं?" तिनं मला लिहायला लावलं. अण्णा एवढंच म्हणाला, "तितं माझे कान चालत्यात."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. त्याच जागी तो तटाकडे तोंड करून, हात मागं बांधून उभा राहिला. गौरी सहा-सात वर्षांची. बोल म्हटल्यावर नेमकी लाजली. बराच वेळ गेला. ऊन लागायला लागलं, तशी ती वडिलांच्या पाठीकडे बघत कुरकुरली, "अप्पा, मला तहान लागली."

"पाणी प्यायचंय व्हय?" तटाकडे बघतच अण्णा म्हणाला.

मी त्याच्या हाताला शिवलेही नव्हते. तो वळला. डोळे भरून आले होते. "आवाज आमच्या आईवर गेलाय की गं हिचा. जरा घोगरा."

हे खरं होतं. आम्ही सगळे घरात तसंच म्हणायचो. त्याला वाईट वाटेल म्हणून कुणीच कधी सांगितलं नव्हतं. नगारा ऐकू आला का, मी लिहून विचारलं. त्यानं मान हलवली. नाही.

त्यानंतर तो कितीदा तरी जाऊन आला, एकटाही आणि तिला घेऊनही. काही नाही... वहिनीनं गुपचूप सांगितलं असेल, योगायोग असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. वहिनी शपथेवर नाही म्हणाली. पाण्याचं तर तेव्हाच घडलं होतं. मला आजही उलगडा होत नाही.

अण्णा जाईपर्यंत एक मात्र चालू राहिलं. गौरी त्याच्याशी बोलायला आली, की तो डोळे मिटून "हं, बोल" म्हणायचा. तिचं बोलून झालं, की मग तळहात पुढं करायचा.