सायबिणीपुरती वाट

शेजाऱ्यावर प्रीती करा, असं आमचे पाद्री इगर्जीत नेमानं सांगतात. त्यांना सोपं आहे. त्यांच्या एका बाजूला माडांची बाग आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी. आमच्या शेजारी तिया राहते.

तिया म्हणजे माझ्या वारलेल्या काकांची बायको. पेडण्याच्या आमच्या वाड्यावर तिचं भांडण नाही असं घर शोधावं लागेल. आमच्याशी भांडण फणसावरून. आमच्या फणसाची पानं तिच्या अंगणात पडतात आणि फणसाला आम्ही समज देत नाही, हा आमचा गुन्हा. रस्त्याकडे जाणारी पायवाट वाटणीत तिच्या हिश्श्यात गेली होती. शिक्षा म्हणून तिनं ती कमरेएवढे चिरे रचून बंद केली. तेव्हापासून आमची ये-जा शेताच्या बांधावरून. गेल्या पावसात त्याच बांधावर आई घसरली आणि पाय मोडून बसली. दवाखान्यात तिला खुर्चीत घालून उचलून नेलं, पण देवाच्या दारात अशी वरात काढायची तिला लाज वाटे. इगर्जीतली रविवारची मिसा ती माझ्या मोबाइलवर बघायची आणि बघताना डोळे पुसायची.

आणि एवढं होऊन तियेवर प्रीती कोण करतं, तर आईच. नाताळात नेवऱ्या-दोदोलाचं पहिलं ताट तियेला. ते मी बांधावरून फिरवून न्यायचं, तियेनं खिडकीतून आत ओढायचं आणि दोदोलात गूळ कमी पडल्याचा निरोप पाठवायचा. पालथ्या घड्यावर पाणी. मी आईला म्हणायचो, एवढी प्रीती माझ्यावर कर, मी निदान ताट तरी परत करीन.

यंदा सायबीण आली. सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती. ती वाड्यावर घरोघर फिरते, आणि ज्या घरी ती असते त्या घरच्या माणसांनीच दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गात, तिला पुढच्या घरी पोचवायचं असतं. आमच्या पुढचं घर तियेचं. वाड्याच्या ग्रुपवर आमच्यापेक्षा इतरांनाच काळजी जास्त. कित्येकांनी तर त्या संध्याकाळी दुसरं काही काम ठेवलं नाही. बांधावरून न्यायची तर सायबिणीचाही पाय मोडायचा. म्हणून काही जाणती माणसं तियेकडे गेली. तिया म्हणाली, "सायबीण येंवदी. तिका घेवन येतात तीं मात माका नाकात."

सायबिणीला आपल्या पायांनी चालत यायची सवय नाही. त्यामुळे शेवटी तियेनं चिरे काढून एक माणूस जाईल एवढी फट पाडली. आईनं हट्टानं मूर्ती स्वतः धरली आणि मी आईला धरलं. तिया दारात मेणबत्ती घेऊन उभी होती. तिनं मूर्ती घेतली, दुकानदाराकडून सामानाची पुडी घ्यावी तशी, आईकडे न बघता. मग तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला, गाणी झाली. उकडलेले चणे सगळ्यांना मिळाले, आम्हालाही मिळाले, थोडे कमी.

दुसऱ्या संध्याकाळी सायबीण तियेकडून पुढे गेली. रविवारी सकाळी आई ठेवणीतला फ्रॉक घालून, काठी घेऊन मिसेला जायला सोप्यावर तयार बसली. इतक्यात चिऱ्यावर चिरा ठेवल्याचा आवाज आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "म्हातारी जाल्या ती, एकटीन चिरे उकलता. वच, हात लाय तिका."

तियेपेक्षा मला आईचाच राग आला. तरी गेलो. आपल्याच आईची वाट बंद करायला गवंडीकाम करणारा मुलगा सबंध तालुक्यात मीच असेन. तियेला धाप लागली होती, पण हुकूम सोडायला श्वास पुरत होता. मी चिरा ठेवायचा, तिनं "हांगा न्हय, थंय" म्हणायचं. वीतभर उंचीचा खालचा थर पुरा झाला. वरच्या थराचा पहिला चिरा मी उचलला, तशी ती खालच्या थरावर टेकली आणि आमच्या सोप्याकडे बघत राहिली. आई मांडीवरचा फ्रॉक सारखा करत होती.

"तुझ्या आवयचो पांय कितलो उकलता?" तियेनं विचारलं.

मी चिरा खाली ठेवला आणि जमिनीपासून वीतभर वर हात धरून दाखवला.

"जाल्यार पुरो," ती म्हणाली आणि त्या थरावरून उठून बाजूला झाली.