मी बुडवलेली नावाडीण

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी मुकुंदवाडीत एका खोलीत राहायचो आणि चितेगावच्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचो. पाणीकपात लागली, कारखान्याची एक पाळी बंद झाली आणि मी दुपारी चारलाच घरी यायला लागलो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. खोलीमागच्या रिकाम्या प्लॉटवर फ्लॅटची स्कीम उभी राहत होती, तिथं बोअरचं मशीन दिवसभर घुमायचं. मी खिडकी लावून कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि एका खेळात शिरायचो.

या खेळात चित्रं नव्हती, मारामारी नव्हती. नदीकाठचं एक जुनं, कल्पनेतलं शहर होतं आणि आम्ही साठ-सत्तर माणसं मिळून त्याची गोष्ट मराठीत लिहायचो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, दुसऱ्या पात्रानं उत्तर द्यायचं. कुणी वैद्य, कुणी सराफ, कुणी चोर. खेळ सुरू केला होता पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी. त्यांना सगळे सर म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मी अ‍ॅडमिन होतो. म्हणजे नवीन पात्रं तपासायची, भांडणं मिटवायची, नियम मोडला तर पात्र बंद करायचं. पगार काही नव्हता. पण कारखान्यात मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं आणि इथं माझ्या एका ओळीनं माणसं गप्प बसायची. ती चव मला लागली होती.

अ‍ॅडमिनकी मला मिळाली माझ्या एका मित्रामुळं. तो सिडकोत राहायचा, वडील मोठे वकील. खेळात तो किल्लेदार होता. त्यानंच सरांकडं माझा शब्द टाकला होता. त्याच्या घरी गेलं की त्याची आई माझ्यासमोर खाण्याची बशी ठेवायची आणि विचारायची, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणायचो, "इथलेच." खरं म्हणजे मी कन्नड तालुक्यातला, देवगाव रंगारीपासून दोन कोसांवरच्या गावचा. डिप्लोमाला आलो तेव्हा होस्टेलवर 'पानी' म्हणालो म्हणून पोरं महिनाभर हसली होती. तेव्हापासून मी न आणि ण निवडून बोलायला शिकलो. लई, व्हय, नाय, सगळं गिळून टाकलं.

एके दिवशी खेळात एक बाई आली. तिनं नावाडणीचं पात्र घेतलं आणि ते आमच्याकडच्या बोलीत लिहायला लागली. "बसा की निवांत, नाव काय पळून चाललीय व्हय?" हे तिचं पहिलं वाक्य. वाचलं आणि मला माझी मावशीच समोर दिसली. लोक खूश झाले. जो तो काही ना काही कारण काढून नदी ओलांडायला लागला.

आमच्या अ‍ॅडमिनच्या ग्रुपवर मात्र तिच्या लिहिण्याचे स्क्रीनशॉट यायचे. "शुद्धलेखनाचा दुष्काळ," असं एकानं लिहिलं. मीही खाली हसण्याचं चिन्ह टाकलं. सर म्हणाले, "पात्राची बोली असेल तर ठीक आहे, पण बाईंना प्रमाण मराठी येतं का, ते एकदा बघा."

मग तिचा मला खासगीत मेसेज आला. "सर, तुमी आमच्याकडचेच का वो? काल 'उलीसं थांबा' असं लिहिलं तुमी. हे शहरातलं कुनी लिहीत नाय. मी देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवर ऱ्हाते. शिवनकाम करते."

'थोडंसं'ऐवजी माझ्या हातून निसटलेला एक शब्द तिनं बरोब्बर पकडला होता. कुणी आपल्या खिशात हात घालावा तसं झालं मला. मी लिहिलं, "नाही. मी पुण्याचा." आणि मागं जाऊन तो शब्द पुसून टाकला.

तेव्हापासून ती मला नकोशी झाली. तिचा काही दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढं खेळात किल्लेदार नदीवर आला. नावेचं भाडं न देता पलीकडं ने म्हणाला. नावाडणीनं त्याला चारचौघांत सुनावलं, "किल्ला तुमचा आसंल, पर वल्हं माझ्या हातात हाय." पन्नास माणसांनी दाद दिली. संध्याकाळी मित्राचा फोन आला.

"त्या बाईला आवर यार. लई उडतीय." तो आमची बोली फक्त टिंगलीसाठी वापरायचा.

"नियमात काही चुकलेलं नाही तिचं," मी म्हणालो.

"मग चुकेल तेव्हा बघ. तू अ‍ॅडमिन कशाला आहेस?"

खेळात सात दिवसांचा एक नियम होता. न कळवता सात दिवस गैरहजर राहिलं तर पात्र बंद. त्याच वर्षी मित्र केरळ फिरायला गेला तेव्हा वीस दिवस त्यानं काही लिहिलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. मी स्वतःच लिहून टाकलं होतं, "किल्लेदार मोहिमेवर गेले आहेत." कुणी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात नावाडीण अचानक दिसेनाशी झाली. पाच दिवस, सहा दिवस. मी मोजत होतो. त्याच आठवड्यात आईचा गावाकडून फोन आला. "लाइटीची डीपी जळाली रं. तिकडं देवगावपोतर समद्या वस्त्या अंधारात हायेत. मामाच्या दुकानावर फोन चार्ज केला, तवा बोलतीय. टँकर आला तर पानी, नाय तर नाय."

म्हणजे ती का येत नाही हे मला माहीत होतं. साऱ्या खेळात फक्त मलाच माहीत होतं.

आठव्या दिवशी मी लिहिलं, "पुराच्या लोंढ्यात नाव उलटली. नावाडीण बुडाली." सरांनी खाली पसंतीचा अंगठा टाकला. मित्रानं फोन करून म्हटलं, "मान गये."

अकराव्या दिवशी ती आली. तिनं सविस्तर लिहिलं होतं, की डीपी जळाली, मोबाईल बंद, टँकरच्या रांगेत दिवस जातो, आज देवगावला येऊन फोन चार्ज केला. "पात्र परत द्या सर. किल्लेदार ईस दिवस नव्हते, त्यांचं चाललं."

मी उत्तर दिलं, "नियम सर्वांना सारखे आहेत. आपली अडचण आधी कळवणे अपेक्षित होते."

थोड्या वेळानं तिचं शेवटचं वाक्य आलं. "नावाडनीला पोहता येतं वो सर. ती कशी बुडंल?"

मी तिला ब्लॉक केलं. खेळातल्या तीन-चार जणांनी विचारलं, तेव्हा सांगितलं की त्या बाईंनी स्वतःच खेळ सोडला.

पावसाळा तसाच कोरडा गेल्यावर मी गावी गेलो आणि बाजाराच्या दिवशी देवगावला थांबलो. मोबाईल दुरुस्तीचं एकच दुकान होतं. शिवणकाम करणाऱ्या, मोबाईलवर लिहिणाऱ्या एका बाईबद्दल विचारलं. दुकानदारानं लगेच ओळखलं.

"ती व्हय? हितंच पायरीवर बसून लिहायची. नवऱ्यानं सोडलेली, भावापाशी ऱ्हायची. एक दिवस बसल्या बसल्या रडाया लागली. म्हनली, माजं मानूस मारलं त्यांनी. मी घाबरलोच. मग कळलं, गेममधलं मानूस. म्या म्हनलं, अगं बाई, येवढं काय त्याचं? आठ दिसांनी फोन मलाच इकून गेली."

"आता कुठंय?"

"भाऊ समदं घर घेऊन कंपनीत कामाला गेला. वाळूजला का कुठं, म्हाईत नाय. घराला कुलूप हाय."

दुकानदारानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी कोन तिचे?"

"शिवायला कापड दिलं होतं," असं काहीतरी बोललो आणि निघालो.

शहरात आल्यावर मी सरांना सगळं लिहिलं. डीपीचं, माझ्या गावचं, किल्लेदाराच्या वीस दिवसांचं. सर म्हणाले, "आता उकरून काय उपयोग? खेळाची बदनामी होईल." मी तिचा ब्लॉक काढला, पात्र चालू केलं आणि खासगीत माफीचा मेसेज टाकला. तो वाचला गेल्याची खूण कधीच आली नाही. ती यायचीही शक्यता नव्हती, फोन दुकानात विकला गेला होता. महिन्याभरानं मी अ‍ॅडमिनकी सोडली. खेळ आणखी वर्षभर रखडत चालला आणि मग सरांनी तो बंद केला.

मित्राशी मात्र मी संबंध तोडला नाही. त्यानं बीड बायपासला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला मी गेलो, पंगतीला बसलो. जेवताना मी तिचा विषय काढला. त्यानं जरा आठवून बघितलं.

"कोण नावाडीण?" तो म्हणाला, आणि वाढप्याला मला आणखी एक जिलबी वाढायला सांगितलं.

मी ती खाल्ली.