बंदराच्या चित्रातले दोर

ती चोरी आजही लख्ख आठवते, आणि आठवली की चोराबद्दल आदरच वाटतो. तेव्हा मी औरंगाबादेतल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. दुष्काळ कडक होता. गावोगाव टँकर फिरत होते आणि शहरात नवी हॉटेले उभी राहत होती. अशाच एका हॉटेलच्या मालकाने फिर्याद दिली की, दर्शनी भिंतीवरचे मोठे तैलचित्र भरदुपारी चोरीला गेले. चित्र कोळ्यांच्या बंदराचे होते. धक्क्याला बांधलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मागे समुद्र.

काही दिवसांनी खबऱ्याने बातमी आणली. "साहेब, पिशोरला एका पेंटरच्या घरी लई पाण्याचं चित्र हाय. टँकरवर आलेल्या बाया घागरी ठिवून बघाया जातेत."

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. तो पळाला नाही, गयावया केली नाही. पंचनामा करून चित्र जप्त केले आणि त्याला चित्रासकट ठाण्यात आणले.

"चित्र मीच काढून इकलं व्हतं," तो चौकशीत म्हणाला. "चोरलं नाय, दुरुस्तीला नेलं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची मला सवय होती. "काय बिघडले होते?"

"दोर. म्या समुद्र पाह्यला नव्हता. पैठणच्या धरणावर बांधतेत तशा होड्या आखूड बांधल्या. मंग रंगकामाला कोकणात गेलो, तर तिथं पाणी रोज चढतं, उतरतं. आखूड दोरानं ओहोटीला होडी लटकंल. मालकाला म्हणलं, नीट करून देतो. ते म्हणले, इथं कोणाला कळतंय? मला तर कळलं व्हतं ना."

मी एका दोरावर बोट टेकवले. रंग ओला होता. विकायला चोरलेल्या मालावर कोणी अशी मेहनत करत नाही. माणूस खरे बोलत होता.

चित्र ओळखायला बोलावलेला हॉटेलमालक मात्र अडून बसला. "याला आत टाका. शहरात एक पाटी मिळू देणार नाही याला."

पेंटरचे लक्ष चित्राकडे होते. "आत टाका साहेब. पण आधी तुमच्या बोटाचा डाग पुसू द्या. दोर तुटल्यावानी दिसतोय."

मुद्देमालाला हात लावू देणे नियमात बसत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने पिशवीतून कुंचला काढला आणि सावकाश तो दोर जोडला. शिपाई जवळ येऊन बघू लागले. मालकही बघत होता.

"अजून किती राहिलेत?" मालकाने विचारले.

"दोन."

"मग तेही करून दे."

पुढे मालकाने न्यायालयात तडजोडीचा अर्ज दिला आणि प्रकरण मिटले. तोवर मी गुन्ह्यामागे हाव, राग नाहीतर भूक शोधत असे. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक संशयिताला पहिला प्रश्न एकच विचारला, "तुझ्या हातचे काम कोणते?" त्याचे उत्तर देताना माणूस खोटे बोलायचे विसरतो.