डबीरांची रायफल आणि खंडेनवमी

प्रसन्न डबीर जेवायला येणार असला की टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या मराठी बायका चांदीची भांडी आत ठेवत. माणूस चोर नव्हता. पण वाटी हातात आली की तो ती उलटी करून खालचा शिक्का वाचायचा, 'काकू, ही अलीकडची आहे हं' असं सांगायचा आणि मगच वरणाकडे वळायचा. यजमानीण बिचारी पुढचं सगळं जेवण तोंड शिवून वाढायची.

पोटापाण्याचा उद्योगही त्याला स्वभावाला साजेसा मिळाला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या. दोन हजार एकच्या मंदीत त्याच्या ऑफिसातले निम्मे लोक घरी गेले, हा टिकला. चुका करणारे आधी जातात, काढणारे शेवटपर्यंत लागतात, असं तो अभिमानानं सांगे. ज्यांची नोकरी गेली होती त्यांच्यासमोरही सांगे.

त्याच मंदीत, शर्मन गावाजवळच्या एका म्हाताऱ्याच्या मागे राहिलेल्या सामानाच्या विक्रीत त्याला ती रायफल सापडली. सव्वाशे वर्षांपूर्वीची, पितळी अंगाची. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी वर यावी, अशी तिची रचना. पण लिव्हर गच्च बसलेली होती. नागपूरच्या या गृहस्थानं तोवर दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हाताळलं नव्हतं. तरी रायफल घेताच त्याला एकदम पूर्वज आठवले. डबीर म्हणजे शिवकाळातलं घराणं, रक्तातच शस्त्र आहे, असं तो मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सांगू लागला. डबीर हे लेखणीचं काम करणारे, परराज्यांशी पत्रव्यवहार सांभाळणारे, हे त्याला ठाऊक होतं. ते मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं बोललीच पाहिजे. रायफलवर त्यानं मेहनत घेतली, आणि ती खरी होती. अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये बसून त्यानं एकेक स्क्रू तेलात मुरवून सोडवला. मोडलेल्या स्प्रिंगच्या जागी त्याच काळातल्या दुसऱ्या मोडक्या रायफलची स्प्रिंग शोधून बसवली. लिव्हर पहिल्यांदा खटकन फिरली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून त्याच्या बायकोला, नंदाला, तो बऱ्याच दिवसांनी आवडला. पितळेला मात्र त्यानं बोट लावलं नाही. सव्वाशे वर्षांच्या हातांनी आणि हवेनं त्यावर जो काळपट तपकिरी थर चढला होता, तोच रायफलीच्या खरेपणाचा पुरावा. तो घासला की वस्तू मेली, असं जाणकार मानतात. प्रसन्ननं ते पाठ केलं आणि मग साऱ्या टेक्सासला ऐकवायला सुरुवात केली.

जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनात तो टेबलामागून टेबल फिरे. भिंग डोळ्याला लावी. 'हा स्क्रू नंतरचा. हे लाकूड पॉलिश केलंय. आणि हे पितळ, सॉरी, कुणीतरी क्लीन केलंय.' समोरचा धिप्पाड टेक्सन आजोबांच्या बंदुकीकडे बघत राही. प्रसन्न पुढच्या टेबलाकडे. तो बहुतेक वेळा बरोबर असे, आणि तेच लोकांना जास्त झोंबे.

तरीही तिथल्या संग्राहकांच्या क्लबाचा प्रमुख वेन हॉलोवे, पांढऱ्या मिशांचा निवृत्त पशुवैद्य, त्याला मानत असे. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वेननं त्याला परीक्षक मंडळात यायचं का, असं विचारलं. जुन्या रायफली खऱ्या की खोट्या हे ठरवणारी ही चार माणसं, आणि त्यांच्या शब्दावर सगळे चालत. प्रसन्नला महिनाभर दुसरं काही सुचेना. मॅनेजर होणं, घर घेणं, ग्रीन कार्ड मिळणं, यांपैकी कशालाही तो इतका हरखला नव्हता. या देशात कुणीतरी येऊन आपल्याला 'हे खरं आहे का?' असं विचारणार, या कल्पनेनंच त्याची छाती फुगली. क्लबाची रीत एकच होती. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात उमेदवारानं सर्वांसमोर स्वतःच्याच रायफलीची परीक्षा करायची, मोठ्यानं. मग वेन ठरवणार.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात दसरा आला. दरवर्षी मंडळी खंडेनवमीला लॅपटॉप आणि टोयोटाला हळदकुंकू वाहत. या वर्षी प्रसन्न म्हणाला, खरं शस्त्र असताना लॅपटॉप कशाला? सगळे डबीरांकडे या. मंडळाच्या सोयीनं नवमी शनिवारी धरली गेली.

सकाळी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, शैलजाकाकू, मदतीला आल्या. पाटावर लाल वस्त्र घालून रायफल ठेवली होती. त्यांनी चष्मा वर केला.

"प्रसन्न, हे पितळ आहे ना रे?"

"हो काकू. हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल."

"मग इतकं काळं? देवापुढे असं ठेवायचं? लोक म्हणतील, डबीरांकडे समईसुद्धा घासत नाहीत." एवढं बोलून त्या झेंडूची फुलं निवडू लागल्या.

प्रसन्न हसला. या थराला पॅटिना म्हणतात, तो जपायचा असतो, हे समजावून सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. संध्याकाळी चाळीस मराठी माणसं येणार होती. ज्यांच्या वाट्या त्यानं उलट्या केल्या होत्या ती सगळी. त्यांच्यापुढे काळं पितळ. तो तासभर दिवाणखान्यात येरझारा घालत राहिला. मग रायफल उचलून गॅरेजमध्ये गेला. चिंचेचा कोळ, मीठ आणि जुना टूथब्रश घेऊन.

नंदा दारात आली. "अरे, याला हात लावायचा नाही, असं तूच म्हणतोस ना?"

"लाइटली करतोय. तुला नाही कळत त्यातलं."

लाइटली काही होईना. एक डाग निघाला की शेजारचा उठून दिसे. अर्ध्या तासात सव्वाशे वर्षं चिंचेच्या पाण्याबरोबर गॅरेजच्या नाल्यात गेली आणि रायफल देवघरातल्या घंटेसारखी लखलखू लागली. संध्याकाळी सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. शैलजाकाकूंनी पितळेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. प्रसन्ननं सोवळं नेसून फोटो काढून घेतले.

पुढच्या शनिवारी तो प्रदर्शनात उभा राहिला तेव्हा त्यानं रायफलीला चहाचं पाणी आणि बुटाचं पॉलिश लावून बघितलं होतं. त्यामुळे ती लखलखीतही राहिली नव्हती आणि जुनीही दिसत नव्हती. नंदा मागे खुर्चीवर होती. वेननं पितळेकडे पाहिलं, मग प्रसन्नकडे. "डॉक्टरपुढे पेशंट बोलतो तसं मोकळेपणानं बोला," तो हलकेच म्हणाला. "घाई नाही. सांगा, काय दिसतंय?"

प्रसन्ननं घसा खाकरला. स्प्रिंग बदलली आहे, त्याच काळातली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाला, "पितळ मूळ अवस्थेत आहे. कुणीही साफ केलेलं नाही."

टेबलाभोवतीची म्हातारी माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. वेननं भिंग घेतलं आणि कोरलेल्या नंबराच्या खाचेवर नखाचं टोक फिरवलं. नखावर लाल भुकटी आली. "हे काय आहे?"

"रस्ट," प्रसन्न म्हणाला.

"पितळेला?"

नंदाला वाटलं आता तरी हा सांगेल. आमच्याकडे एक दिवस शस्त्र पुजतात, मी पूजा केली, घासण्यात चूक झाली. तीन वाक्यं. तिनं त्याच्याकडे डोळे लावले. त्यानं आधी भोवतालच्या हॅट्सकडे बघितलं, मग जमिनीकडे. "आधीच्या मालकानं काही लावलं असेल," तो म्हणाला.

वेननं रायफल दोन्ही हातांनी उचलून त्याला परत दिली. परीक्षकाची जागा त्या वर्षी रिकामीच राहिली.

दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली तेव्हा प्रसन्नकडे गोष्ट तयार होती. गोरे म्हटले की हे असंच, यार. आपल्या पूजेचं कुंकू दिसलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. आपलं कल्चर त्यांना सहनच होत नाही. मीच म्हटलं, ठेवा तुमची पोस्ट. शैलजाकाकूंनी 'बघा बाई' म्हणून मान हलवली. कुणीतरी डबीरांच्या स्वाभिमानाचं कौतुक केलं.

नंदा चकल्यांचा डबा घेऊन फिरत होती. तिनं तो काकूंच्या पुढे धरला.

"काकू, त्यांनी ही लाल भुकटी कसली एवढंच विचारलं होतं," ती म्हणाली. "पूजा केली हे सांगायची लाज प्रसन्नलाच वाटली."

मग ती पुढच्या माणसाकडे गेली, कारण डब्यात अजून बऱ्याच चकल्या होत्या.