तेरा आठवडे निरंक

ज्यांनी कुठल्याही ऑफिसात चार दिवस काढलेत, त्यांना निरंक हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अहवाल तर पाठवायचाच असतो, पण कळवण्यासारखं काही नसतं. मग रकान्यात निरंक लिहायचं, खाली सही करायची आणि कागद वर पाठवून द्यायचा. वर बसलेला माणूस तो वाचत नाही, फाईलला लावतो. मी मात्र असे तेरा कागद अगदी प्रेमाने वाचले आणि त्यातल्या एकाकडेही नीट बघितलं नाही. त्यात एका माणसाची नोकरी गेली.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी पुण्यात होते, सव्वीस वर्षांची, आणि पाय जमिनीवर नव्हते. आम्ही सहाजण मिळून संगणकावर मराठी लिहिण्या-छापण्याचा प्रोग्राम करत होतो. त्यातला पडद्याचा भाग माझा. म्हणजे बाकीच्यांनी अक्षर कोणतं, कुठं एवढंच माझ्या भागाला सांगायचं आणि त्याने ते पडद्यावर काढून दाखवायचं. बाकीचे काहीही करोत, माणसाला जे दिसणार ते माझ्या हातचं, याचा मला भारी तोरा होता. प्रोग्राम फुकट होताच, शिवाय त्याची आतली सगळी लिखापढी आम्ही फ्लॉपीवर सोबत देत होतो. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. त्या बदल्यात आमचं मागणं एकच होतं: प्रत अजून कच्ची आहे, वापरा आणि दोष कळवा.

कच्ची प्रत वापरायला माणसं मिळत नव्हती. एक प्राध्यापक तयार झाले, आणि दुसरं नाव मी सुचवलं ते मामांचं.

मामा आमच्याच गावचे. ताडकळसच्या अलीकडचं छोटं गाव, त्यात त्यांची वस्ती वेगळी. आमच्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना एकेरीत हाक मारायची. पुण्यात शिकल्यावर मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि आपण केवढं मोठं काम केलं असं मलाच वाटायचं. ते पूर्वी परभणीला कचेरीपुढे अर्जनवीस होते. टेबल, टाईपरायटर आणि डोक्यावर ताडपत्री. लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचे. पुढे पूर्णेतल्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, पण रोजंदारीवर. पाच वर्षं झाली तरी रोजंदारीच. संस्थेच्या अध्यक्षांनी संगणक घेतला तेव्हा त्यांनी मामांना शब्द दिला की, हे यंत्र नीट चालवून दाखवा, तुम्हाला कायम करतो. मामांचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. कायम व्हायची ही शेवटचीच संधी, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

प्रोग्राम बसवायला मी स्वतः पूर्णेला गेले. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. पडद्यावर कुंकवाची पाच बोटं उमटलेली होती आणि ती पुसायची कुणाची हिंमत नव्हती. मीच रुमालाने पुसली, तर अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामांना मी तासाभरात सगळं दाखवलं. ते पूर्ण वेळ उभे होते. बसा म्हटलं तर हसले आणि उभेच राहिले. मग मी त्यांच्या हातात सायक्लोस्टाईल केलेले तक्ते ठेवले. दोष कोणता, केव्हा दिसला, त्याआधी काय केलं होतं, किती वेळा झाला, असे चार रकाने. दर शनिवारी एक तक्ता भरून टपालात टाकायचा. जितक्या तक्रारी जास्त तितकं आमचं भलं, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. निघताना म्हणाले, "ताई, तुमी परत कधी येताल?" मी म्हटलं, महिन्याभरात येते, निवांत बसून बोलू. गाडीची वेळ झाली होती.

पहिला अहवाल आला तो असा: चारही रकान्यांत निरंक. खाली तारीख आणि सही. दुसरा तसाच, तिसराही.

इकडे प्राध्यापक दर आठवड्याला दोन-दोन पानं खरडून पाठवायचे. अक्षर उशिरा उमटतं, डोळे दुखतात, वरचं पान बघून खाली आलं की मधल्या ओळी पडद्यावरून गायब होतात. मी दातओठ खायची. ओळी गायब होतात ही तक्रार मी आमच्या यंत्रावर तीन दिवस तपासून बघितली, मला काही ते दिसेना. मग बैठकीत मी मामांचे कागद टेबलावर पसरले आणि म्हटलं की, हा बघा, खेड्यातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा संगणकाला हात लावला, आणि याला एक अडचण नाही. दोष प्रोग्रामात नाही, प्राध्यापकांच्या बोटांत आहे. सगळे हसले. मीही हसले. प्राध्यापकांना कुणीतरी तसं सौम्य भाषेत कळवलं असावं, कारण त्यांची पत्रं बंद झाली.

त्या तेरा कागदांत एक गोष्ट डोळ्यांपुढे होती आणि मला ती दिसली नाही. सगळे अहवाल टाईपरायटरवर केलेले होते. संगणकावर मराठी उमटवायचा प्रोग्राम ज्याला निर्दोष वाटतो, तो माणूस त्याचाच अहवाल टाईपरायटरवर का बडवतो, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही. स्तुती वाचताना माणूस अक्षर कशाचं आहे ते बघत नाही.

त्या काळात मी तीनदा गावी गेले. तिन्ही वेळा पूर्णेला उतरून एसटी धरली. स्टेशनवरून मामांचं ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर. एकदा ऊन होतं, एकदा सोबत सामान होतं, आणि तिसऱ्या वेळचं कारण आता आठवत नाही, म्हणजे ते नव्हतंच.

चाचणी संपली. आम्ही पक्की प्रत काढली, पेढे वाटले. पूर्णेच्या अध्यक्षांनी तेरा निरंक अहवालांच्या जोरावर ऑफिसातला टाईपरायटर विकून टाकला. मामांना कायम करण्याचा कागद तयार होत होता.

दिवाळीच्या आधी अध्यक्षांचं मला पत्र आलं. संस्थेतल्या शिक्षकांची यादी वरच्या कार्यालयाकडे गेली होती, तिच्यात एका शिक्षकाचं नाव दोनदा छापलं गेलं होतं. वरून विचारणा झाली, त्या नावाआडून दुसऱ्याच कुणाला तरी आत घुसवायचा डाव असल्याचा संशय आला, अध्यक्षांना चार माणसांत खाली बघावं लागलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं की, चूक यंत्राची की माणसाची?

मी उत्तर त्याच दिवशी पाठवलं. त्यातली एक ओळ मला अजून तोंडपाठ आहे. तेरा आठवड्यांच्या चाचणीत आपल्या कार्यालयाकडून एकही दोष कळवला गेलेला नाही, सबब सदर चूक हाताळणाऱ्याची असावी. ते असावी मी नम्रपणा म्हणून घातलं होतं. सबब घातलं ते मात्र रुबाबात.

पुढे काय झालं याची मी चौकशी केली नाही. नामांतर झालं त्या आठवड्यात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून मी गावी निघाले. पूर्णेला उतरले तर एसटी बंद. कुठे आनंद, कुठे राग, रस्त्यावर टायर, आणि स्टँडवर सांगितलं की गाडी सुटली तर उद्या सकाळी सुटेल. दुपारचे बारा वाजले होते. वेळ घालवायचा म्हणून मी मामांच्या ऑफिसात गेले. गाडी चालू असती तर मी गेलेच नसते. हे मला लिहायला आवडत नाही, पण खरं ते असं आहे.

संगणकापुढे एक नवा माणूस बसला होता. मामांना काढून तीन महिने झाले, असं त्याने सांगितलं आणि घराचा पत्ता दिला.

रेल्वे लाईनच्या पलीकडे भाड्याची एक खोली. मामा दारात बसून कुणाचा तरी अर्ज हाताने लिहीत होते. मला बघून उठले, आतून खुर्ची आणली, बायकोला चहा टाकायला सांगितला. यावेळी मी खुर्चीवर आणि ते जमिनीवर. मला काय बोलावं कळेना, आणि असं झालं की मला राग येतो. मी त्यांनाच झापलं. दोष होते तर लिहिलं का नाही? निरंक, निरंक काय? रकाने कशाला दिले होते मी?

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "अठ्ठ्याहत्तरला मी कचेरीपुढं बसत होतो, ताई. नामांतराच्या दंगलीत घरं जळालेली माणसं यायची, मी त्यांच्या तक्रारी टाईप करून द्यायचो. महिन्याभरानं तीच माणसं परत आली. आमची कोणाविरुद्ध काही तक्रार न्हाई, असं टाईप करून द्या म्हणायची. त्याच मशीनवर करून दिलं. ज्यांनी तसं लिहून न्हाई दिलं, त्यांना गावात राहू दिलं न्हाई."



"लिहिलेली तक्रार कोणाच्या हातात जाईल, काय सांगावं," ते म्हणाले. "तुमी आमच्या गावच्या. तुमची नवी नोकरी. तुमच्या कामात खोट हाय असं माझ्या सहीनं कागदावर देऊ का मी?"

"मग मला तोंडी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तुमी येते म्हणाल्या होत्या."

ते रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. मला तिथे रडू आलं आणि त्याची लाज वाटली, कारण रडण्याचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

मग चहा पिता पिता त्यांनी मला दोष सांगितले. एकामागून एक, चौदा. कागद नाही, टिपण नाही, सगळं डोक्यात. बोटं जोरात चालली की वेलांटी उशिरा उमटते, मग माणूस ती दोनदा मारतो. पडदा लय थरथरतो, डोळ्यांतून पाणी येतं, त्यावर त्यांनी हिरवा जिलेटीन कागद चिकटवला होता. आणि नववा दोष: चाळीसच्या वर ओळी झाल्या, वर जाऊन खाली आलं, की मधल्या एक-दोन ओळी दिसत नाहीत. असतात, पण दिसत नाहीत. पुन्हा दोनदा वरखाली केलं की येतात. मी तीन दिवस तपासलं तेव्हा कधी चाळीस ओळी टाईप केल्याच नव्हत्या. टाईपरायटर होता तोवर ते प्रत्येक कागद आधी त्यावर करायचे, मग संगणकाच्या कागदाशी ताडून बघायचे. शिक्षकांच्या यादीच्या दिवशी टाईपरायटर नव्हता, अध्यक्ष पाठीशी उभे होते आणि संध्याकाळच्या गाडीने कागद जायचा होता. एक नाव दिसलं नाही. त्यांना वाटलं राहिलं. त्यांनी ते पुन्हा टाईप केलं.

इतके नेमके दोष मला आयुष्यात पुन्हा कुणी सांगितले नाहीत. मी पर्समधली लग्नाची पत्रिका काढली आणि तिच्या पाठीवर लिहायला लागले. मामा अस्वस्थ झाले.

"लिहू नका, ताई."

मी म्हटलं, लिहिल्याशिवाय दुरुस्त कसं होणार?

"मग माझं नाव टाकू नका त्यात."

मी कबूल केलं. मग मी म्हटलं की, अध्यक्षांना पत्र लिहिते, चूक माझ्या प्रोग्रामची होती, तुमची नव्हती. त्यांनी हात जोडले आणि नको म्हणाले. आता त्या जागेवर दुसरा बसला, त्याच्या पोटावर पाय कशाला, आणि तुमचं नाव उगीच खराब होईल. मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. त्यांचं नको मी मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. मनाचा मोठेपणा त्यांचा आणि फायदा माझा, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. लग्नात मी जेवले, नाचले, फोटोत हसले. पत्रिका पर्समध्ये होती.

पुण्याला परतून मी चौदाच्या चौदा दोष दुरुस्त केले. नववा सापडायला एक संध्याकाळ पुरली. प्राध्यापकांना मी माफीचं पत्र लिहिलं, त्यांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवलं. पूर्णेच्या अध्यक्षांना लिहायचं पत्र मी तीनदा लिहिलं आणि टपालात टाकलं नाही. मामांनी नको म्हटलंय, असं मनाला सांगत राहिले. पुढे वर्षभराने कळलं की ते खोली सोडून गेले. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या प्रोग्रामसोबत फ्लॉपीवर एक छोटी यादी जात असे. कोणता दोष कुणी दाखवला आणि कुणाच्या भागात होता, हे त्यात नावानिशी लिहायचं, अशी आमची पद्धत. वाचणाऱ्याला कळावं आणि करणाऱ्याला जरब बसावी. त्या खेपेची यादी मीच टाईप केली. चौदा दोष, चौदा ओळी. दोष दाखवणाऱ्याच्या पुढे मी लिहिलं, पूर्णा येथील एक टायपिस्ट. नाव टाकलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. दोष कुणाच्या भागात, तो रकाना मी कोराच ठेवला. तो कोरा ठेवा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.