मुक्ताच्या हेतलबेनना भेटायला सुरतला

दिवाळीत भाचीने पाठवलेल्या सव्वा मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमध्ये ‘हेतलबेन’ हे नाव नऊ वेळा आलं. मी मोजलं. जानेवारीत सुरतला जायचं तेव्हाच ठरलं. सगळ्यांना सांगताना मात्र पोंक खायला जाते म्हणाले.

मुक्ता बारा वर्षांची. भावजींची बँकेतून सुरतला बदली होण्याआधी ती धुळ्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायची. दोन वर्षं रोज संध्याकाळी सहाला मी तिला गणित शिकवलं. मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासते. चूक शोधण्याचाच मला पगार मिळतो. मुक्ताच्या वहीत चूक राहत नसे. ती प्रश्नही विचारत नसे, आणि ते मी चांगलं लक्षण धरलं होतं. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला दोन महिने धुळ्याला आणून पुन्हा शिकवायचा बेत होता. ताईची अट एकच: “ती हो म्हणाली तर खुशाल ने.”

धुळ्याहून सकाळची एसटी घेतलीत तर उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. कोंडाईबारी घाटात गाडी रेंगाळते, नवापूरला चहा होतो. बारडोलीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकायला होतं आणि मळीचा वास बराच वेळ सोबत करतो. कडोदऱ्याला कापडाच्या ट्रकांची कोंडी ठरलेली. तिथे पाऊण तास जास्तीचा धरा. मला एकूण सात तास लागले.

संध्याकाळी तापीकाठच्या स्टॉलवर पोंक खाल्ला. आपला हुरडाच, पण दाणा कोवळा, गोडसर, वर लिंबू-मिरीची शेव. मुक्ता खाता खाता बोलत होती. “हेतलबेन उत्तर सांगतच नाहीत, मावशी. आम्ही भांडतो, त्या बसून बघतात.”

“मग शिकवतं कोण?”

“तेच तर!” ती हसली. माझ्यासमोर गणितावरून ती कधी हसल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी नऊला ताईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या पडल्या. हेतलबेन तिथेच दुसऱ्या मजल्यावर राहतात, शाळेत शिकवतात आणि रविवारी सोसायटीतली मुलं जमवतात. पन्नाशीच्या, पायात स्लिपर, हातात खडूसुद्धा नाही. तळमजल्यावरच्या कल्पनाताई घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. त्यांच्याकडून हेतलबेननी एक साडी मागून आणली होती. शिरपूरच्या कल्पनाताई दारातूनच ओरडल्या, “मन्ही साडी खराब करू नका हां!”

गणित असं: काठ साडेपाच मीटर. दर पन्नास सेंटिमीटरवर एक बुट्टी, दोन्ही टोकांना एकेक हवीच. बुट्ट्या किती? चौघाचौघांचे गट. नियम एकच, गटातल्या प्रत्येकाला समजावता आलं तरच ते उत्तर.

मी मुक्ताच्या गटाशेजारी बसले. पाच मिनिटं अकरावरच घोळ चालला होता. ऋत्विक म्हणाला, “भागाकार आहे यार, संपलं.” मुक्ता म्हणाली, “मग शेवटची बुट्टी काय तुझ्या शर्टाला लावू?” सगळ्यात लहान जिनल साडीवर वीत टाकत, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. मला राहवेना. “अंतरं अकरा,” मी म्हणाले, “म्हणून बुट्ट्या एकने जास्त. बारा.”

चौघांनी लिहून घेतलं. हेतलबेन आल्या, वही न बघता म्हणाल्या, “जिनल, तू बोल. एक वधारे केम?”

एक जास्त का? जिनलने माझ्याकडे बघितलं. मग मुक्ताने माझ्याकडे बघितलं.

“मावशी, तू परत सांगितलंस.”

‘परत’ हा शब्द तिने आवाज न चढवता वापरला. हेतलबेन “चलो, फरीथी,” म्हणून गटाला पुन्हा बसवून पुढे गेल्या. थोडं रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. वीस मिनिटांनी जिनलने चार मुलांना ओळीत उभं करून त्यांच्यातली अंतरं मोजून दाखवली. मुक्ताने टाळी दिली ती तिला, आणि नंतर धावत गेली ती हेतलबेनकडे.

नंतर लोचो खाल्ला, चाळीस रुपये प्लेट. मऊ, मोडलेल्या ढोकळ्यासारखा, वाफाळता, भरपूर तेल, वर कांदा-शेव. चांगला असावा. माझं लक्ष नव्हतं.

दुपारी डुमसला गेलो. वाळू काळी, समुद्र गढूळ; पोहायला जाऊ नका, टोमॅटोची भजी खायला जा. ताई-भावजी पुढे चालत होते. मी विचारलं, “मेमध्ये येशील धुळ्याला? आपण दोघी बसू.”

“तुझं तर आधीच सुटलेलं असतं ना, मावशी. मग मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी मी निघाले.

धुळ्यात येऊन आता तीन आठवडे झाले. सुरतला जाणार असाल तर पोंक संपायच्या आत जा. हेतलबेनच्या पद्धतीबद्दल माझ्या दोन तांत्रिक शंका आहेत, वेळ फार जातो ही पहिली. दुसरी शंका नाही, हेवा आहे. तो कडोदऱ्याच्या कोंडीत कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

परवा मुक्ताचा फोन आला. टाकी एक मोटर चार तासांत भरते, दुसरी सहा तासांत. दोन्ही लावल्या तर? “आमचं पाच येतंय. ऋत्विक म्हणतो बरोबर, जिनल म्हणते काहीतरी गडबड आहे.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी विचारलं, “चार तासांवाली एकटीच चालवली तर किती?”

“चारच की.” मग वहीचं पान उलटल्याचा आवाज. “म्हणजे मदतीला दुसरी आली आणि वेळ... ए मावशी, थांब, थांब हां!”

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. जिन्यावरून चपला धावत गेल्या, “जिनल! अगं जिनल!” अशी हाक खालपर्यंत गेली. मी फोन कानाला धरून बसले. अकरा मिनिटं झाली तरी मला सांगायला कोणी परत आलं नाही.